किमो चालू असताना ताटात प्रोटीन किती आणि कसं? सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरासाठी

घरात कुणाची किमो सुरू झाली की आपल्याकडं जेवणाचा नूर एका दिवसात बदलतो. भाकरी जाते, मऊ भात येतो. आमटी पातळ होते, सकाळी नाचणीचं आंबील, दुपारी शहाळं, संध्याकाळी बीट-डाळिंबाचा रस. भेटायला येणारे पाहुणे सफरचंदांची पिशवी घेऊन येतात. हे सगळं मायेनं चाललेलं असतं. पण दुसऱ्या डोसाच्या वेळी वजन केलं की तीन-चार किलो गेलेले असतात, दंड सैल पडलेला असतो आणि माणूस उठताना गुडघ्यावर हात टेकायला लागतो.

मी आहाराचा सल्ला देण्याचं काम करते. जत, आटपाडी, तासगाव, कोरेगाव, माण अशा भागांतून मिरजेला किंवा कराडला किमोसाठी येणाऱ्या माणसांच्या घरच्यांशी रोज बोलते. त्यांच्याकडून खाण्यात कसूर झालेली मला दिसत नाही. वाटीत प्रोटीन नसतं, हीच अडचण असते. पोट भरतं, आणि स्नायू उपाशी राहतात.

असं का होतं ते थोडक्यात सांगते, कारण कारण कळलं की पुढची मेहनत जड वाटत नाही. कॅन्सरमुळं शरीरात आतून दाह चालू राहतो आणि त्या दाहात स्नायू नेहमीपेक्षा वेगानं मोडतात. किमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. त्यात गाठीबरोबर तोंडाचं, आतड्याचं अस्तर आणि रक्तपेशीही सापडतात. ही सगळी डागडुजी प्रोटीनवर होते. ते जेवणातून मिळालं नाही, तर शरीर स्वतःचा स्नायू मोडून वापरतं. स्नायू घटलेल्या माणसाला किमोचा त्रास जास्त होतो, डोस कमी करावा लागतो किंवा पुढं ढकलावा लागतो. म्हणजे ताटाचा संबंध थेट उपचार वेळेवर पुरा होण्याशी आहे.

पहिली पायरी: वजन करा आणि आकडा काढा

निरोगी मोठ्या माणसाला रोज दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, असं आपल्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये सांगितलं आहे. कॅन्सरच्या रुग्णासाठी एस्पेन या युरोपीय पोषण संस्थेची मार्गदर्शक सूचना अशी आहे: किलोमागं १ ग्रॅमपेक्षा जास्त, आणि जमलं तर १.५ ग्रॅमपर्यंत. मी घरच्यांना १.२ नं सुरुवात करायला सांगते. आकडा गाठता येण्यासारखा असला की माणसं टिकून राहतात.

समजा घरातल्या काकूंचं वजन ५२ किलो आहे. ५२ गुणिले १.२ म्हणजे ६२ ग्रॅम. भूक चांगली असेल त्या दिवसांत वर ७८ पर्यंत जायला हरकत नाही.

वजन आठवड्यातून एकदाच करा, पण एकाच काट्यावर, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. घरी काटा नसेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात असतो. महिन्यात पाच टक्के वजन गेलं, म्हणजे ५२ किलोला अडीच किलोच्या वर, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांच्या कानावर घाला.

तीन ठिकाणी हा हिशोब घरी करू नका. किडनीचा त्रास आहे किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलंय, लिव्हर बिघडलेलं आहे, किंवा पोटात-पायांत पाणी साठलंय, तर आकडा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. सिस्प्लॅटिनसारखं औषध चालू असेल तर किडनीचा रिपोर्ट दर वेळी बघतातच. तेव्हाच प्रोटीनचंही विचारून घ्या. फार स्थूल माणसाला पूर्ण वजनावर गुणाकार केला तर आकडा अवास्तव मोठा येतो, तोही विचारूनच घ्यावा.

दुसरी पायरी: आत्ता जे चाललंय ते मोजा

"मॅडम, खातीया की सगळं. सकाळपास्नं काय ना काय चालूच असतंय," असं एक सासूबाई किमो चालू असलेल्या सुनेबद्दल मला सांगत होत्या. त्यांच्यासमोर बसून आम्ही आदल्या दिवसाचं सगळं लिहून काढलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, ३ ग्रॅम. दहा वाजता ताक घातलेलं आंबील, ३ ग्रॅम. दुपारी अर्धी भाकरी, वाटीभर भात, पातळ आमटी, दोडक्याची भाजी, सगळं मिळून साडेनऊ. चारला शहाळं आणि सफरचंद, अर्धा ग्रॅम. रात्री मऊ भात आणि वरणाचं पाणी, ६. झोपताना अर्धा कप दूध, ४. बेरीज २६. लागत होते साठाच्या वर. दिवसभर खायला घालून सून उपाशी राहत होती, आणि हे त्या माउलीला कागदावर बघेपर्यंत पटत नव्हतं.

तुम्हीही एक दिवस असं लिहून काढा. अंदाजासाठी हे आकडे पाठ करायला सोपे आहेत:

- ज्वारीची मध्यम भाकरी: ६ ग्रॅम; एक लहान पोळी: ३ ग्रॅम
- वाटीभर भात: अडीच ते ३ ग्रॅम
- दोन टेबलस्पून (३० ग्रॅम) डाळीचं दाट वरण: साडेसहा ग्रॅम, तेवढीच वाटी पातळ आमटी: ३ ग्रॅम
- एक अंडं: ६ ग्रॅम
- १५० मिली म्हशीचं दूध: साडेपाच ते ६ ग्रॅम
- वाटीभर दही: ४ ग्रॅम
- ४० ग्रॅम पनीर: ७ ग्रॅम
- ३० ग्रॅम शेंगदाणे: ७ ग्रॅम
- १५ ग्रॅम सुके सोयाबीनचे वडे: साडेसात ग्रॅम
- हाडाशिवाय ६० ग्रॅम शिजलेलं चिकन किंवा मटण: १५ ग्रॅमच्या आसपास

शहाळं, बीटाचा रस, डाळिंब, सफरचंद यांत प्रोटीन नावालाच. तासगावचे बेदाणे भिजवून खाल्ले तर पोट साफ व्हायला चांगले, पण प्रोटीनसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. चार भिजवलेले बदाम म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. गावरान अंडं आकारानं लहान असतं, त्यात प्रोटीन जास्त असतं असं नाही. मिळेल ते अंडं द्या.

रस्सा कुणाला, फोडी कुणाला?

आपल्या भागात आजारी माणसाला मटणाचं अळणी देतात. पातेलंभर पाणी, हळद, मीठ, आलं-लसूण घालून मटण शिजवायचं, वरचं पाणी वाटीत गाळून रुग्णाला द्यायचं आणि फोडी बाकीच्यांच्या तांबड्या रश्श्यात घालायच्या. सगळं सत्त्व पाण्यात उतरलं, अशी समजूत असते. पाण्यात मीठ उतरतं, चव उतरते, थोडी चरबी आणि हाडाचा चिकटपणा उतरतो. वाटीभर अळण्यात दोन-तीन ग्रॅमच्या वर प्रोटीन क्वचितच असतं. पायाच्या सूपचंही तेच. प्रोटीन फोडीत राहतं. चावायला त्रास होत असेल तर खिमा घ्या, अळण्यातच मऊ शिजवा, आणि चमच्यानं दाबून भातात कालवून द्या. अळणी वाईट नाही, जेवणाआधी चार घोट घेतले तर तोंडाला पाणी सुटतं. पण तेवढ्यावर जेवण झालं असं धरू नका.

वरणाच्या पाण्याची आणि भाताच्या पेजेची गोष्ट वेगळी नाही. कुकर उघडल्यावर वरचं निवळ पाणी रुग्णाला, खालची डाळ फोडणीला. पूर्ण उलटं करायला हवं.

तिसरी पायरी: ताट वाढवू नका, दाट करा

भूक नसलेल्या माणसाला दोन भाकऱ्या वाढून काही होत नाही. आहे तेवढ्याच घासात प्रोटीन भरायचं.

दुधापासून सुरुवात करा. १५० मिली दुधात दोन टेबलस्पून साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. आधी वाटीत थोड्या गार दुधात कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सहाचे अकरा ग्रॅम होतात आणि कप तेवढाच राहतो. हेच दूध खिरीत, शेवयांत, लापशीत वापरा.

दही पंचात दोन-तीन तास टांगा. चक्क्यात नेहमीच्या दह्याच्या दुपटीहून जास्त प्रोटीन असतं. साखर-वेलदोडा घाला, नाहीतर मीठ-जिरेपूड घालून भाकरीला लावा.

पिठल्यावर माझा फार भरवसा आहे. ३० ग्रॅम बेसनात साडेसहा ग्रॅम मिळतात, पटकन होतं, मऊ असतं, चावायला लागत नाही. मिरची वगळून लसूण-जिऱ्याची फोडणी द्या, पाण्याऐवजी निम्मं ताक घाला. खाली उतरवल्यावर चमचाभर तूप.

माण-खटाव, जत, आटपाडी भागातल्या घरांत हुलगे असतातच. हुलग्याचं माडगं ही आपली जुनी, पौष्टिक गोष्ट आहे आणि किमोच्या दिवसांत ती पुन्हा चुलीवर चढवायला हवी. हुलगे खमंग भाजून दळून ठेवा. अडीच टेबलस्पून पीठ (साधारण २५ ग्रॅम) गार पाण्यात कालवा, दीड कप उकळत्या पाण्यात ओता, सतत हलवत आठ-दहा मिनिटं शिजवा. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. शेवटी एक चमचा शेंगदाण्याचं बारीक कूट. वाटीत ८ ग्रॅमच्या आसपास येतं आणि गरम गरम घोट घोट पिता येतं. गोड हवं तर गूळ घाला. संडास पातळ होत असेल त्या दिवसांत मात्र हुलगे नकोत.

कोरेगावचा वाघ्या घेवडा सातारकरांना सांगायला नको. तो बऱ्या दिवसांत, रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरला पूर्ण मऊ शिजवून द्या. अर्धवट शिजलेला घेवडा कुणाच्याच पोटाला सोसत नाही, किमोच्या रुग्णाला तर नाहीच.

दळण टाकताना नऊ भाग ज्वारीला एक भाग सोयाबीन घातलं तर भाकरीमागं दीड-दोन ग्रॅम वाढतात. सोयाबीन आधी नीट भाजून घ्या. कच्चं दळलं की कडवट लागतं आणि पचत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सोया चालेल का, असं बायका हमखास विचारतात. जेवणातलं सोया चालतं. सोयाचा अर्क काढून केलेल्या गोळ्या घेऊ नका.

आणि तूप-तेल तोडू नका. ताकद मिळवायला पुरेसं तेल, तूप, भात, गूळ पोटात गेलं नाही तर शरीर प्रोटीनच जाळून काढतं, चुलीला सरपण नाही म्हणून घरातला पाट फोडून जाळावा तसं. किलोमागं दिवसाला २५ ते ३० कॅलरी लागतात. ५२ किलोला १३०० ते १५५०. म्हणून वरणावर तूप, खिचडीवर तूप, भाकरीला लोणी.

आता त्याच सूनबाईंचा दिवस परत मांडू. सकाळी सातला पावडर घातलेलं दूध, ११. नऊला मुगाच्या डाळीची दोन धिरडी, ७. दुपारी अर्धी भाकरी, दाट वरण तूप घालून, अर्धी वाटी चक्का, साडेपंधरा. चारला शेंगदाणा-गुळाचे दोन छोटे लाडू, ७. रात्री मुगाची मऊ खिचडी, ९. झोपताना दुधात भाजक्या डाळ्याचं पीठ घालून, ९. साडेअठ्ठावन्न झाले. दिवसात एक उकडलेलं अंडं खाल्लं की ६२ पार. खाण्याचा पसारा पहिल्यापेक्षा फारसा मोठा नाही.

चौथी पायरी: डोसाच्या तारखेवर जेवण बसवा

रोज एकसारखं खाणं किमोत होत नाही आणि ते व्हावं असा हट्टही धरू नये. बरेच डोस २१ दिवसांनी असतात, काही १४ दिवसांनी, काही दर आठवड्याला. २१ दिवसांचं चक्र धरून सांगते, तुमच्या तारखांना जुळवून घ्या.

डोसाचा दिवस. पहाटेची एसटी पकडून, उपाशीपोटी येणारी माणसं मी रोज बघते. रक्त तपासायचंय म्हणून खाल्लं नाही म्हणतात. बहुतेक वेळा किमोआधीच्या रक्ततपासणीला उपाशी राहावं लागत नाही. आदल्या वेळी विचारून ठेवा. निघताना दूध आणि धिरडं खाऊन निघा. डब्यात उकडलेली अंडी, इडली, शेंगदाण्याचे लाडू, दही-भात यांतलं दोन-तीन प्रकारचं घ्या. सलाईन चार-सहा तास चालू शकतं, मधे मधे दोन घास जातात. स्टँडवरचा वडापाव त्या दिवशी नको.

पहिले दोन-तीन दिवस. उलटी होऊ नये म्हणून बऱ्याच जणांना डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड दिलेलं असतं. त्यामुळं डोसाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहींना चक्क भूक लागते. ती संधी सोडू नका, त्या दोन दिवसांत जेवढं जाईल तेवढं प्रोटीन जाऊ द्या. डायबेटिस असेल तर याच दिवसांत साखर वर जाते. तेव्हा लाडू आणि गोड दुधाऐवजी अंडं, पनीर, पिठलं, आणि साखर घरी तपासत राहा.

तिसरा ते सहावा दिवस. मळमळ, वास सहन न होणं, तोंड कडू. उलटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या, उलटी झाल्यावर नाही. फोडणी घालताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात बसवा. गरम पदार्थाला वास जास्त येतो, म्हणून दही-भात, गार केलेली खीर, चक्का असं द्या. दोन-दोन तासांनी चार-पाच घास. पाणी जेवताना नको, मधल्या वेळात. आणखी एक गोष्ट मी कळकळीनं सांगते: रुग्णाचा सगळ्यात आवडता पदार्थ या दिवसांत मुद्दाम करून घालू नका. मळमळीत खाल्लेल्या पदार्थाची शिसारी मनात बसते आणि पुढं महिनोन्‌महिने तो पदार्थ नकोसा होतो. आवडीची अंडाकरी दोन आठवड्यांनी करा. या तीन-चार दिवसांत ३०-३५ ग्रॅम झाले तरी वाईट वाटून घेऊ नका.

सातवा ते चौदावा दिवस. पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जाण्याचे आणि तोंड येण्याचे दिवस. स्वच्छतेचं पुढं सांगते. ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला की तो साधा ताप नव्हे; घरी पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा.

पंधरावा ते एकविसावा. हा आठवडा आपला. तोंड बरं होतं, चव परतते. याच आठवड्यात ७०-७५ ग्रॅमपर्यंत जायचं: मटण, मासे, अंडी, घेवडा, मटकीची उसळ, जे सोसेल ते. गेलेलं अर्धंअधिक याच दिवसांत भरून निघतं. पण नेमकी इथंच घरची माणसं जरा विसावतात. रुग्ण हिंडू-फिरू लागलेला असतो, सुगीची कामं तुंबलेली असतात, आणि खाणं आपापल्यावर सोडलं जातं. या आठवड्यात लक्ष जास्त हवं.

दिवसाचंही तसंच बघा. बहुतेकांची भूक सकाळी चांगली असते आणि संध्याकाळी मरते. दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्याहून जास्त प्रोटीन पोटात गेलेलं असावं.

त्रासाप्रमाणे बदल

तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. मिश्री, तंबाखू पूर्ण बंद. खर्डा, लिंबू, चिंच, कडक भाकरीचे काठ नकोत. भाकरी दुधात कुस्करून, मुगाचं खिमट, अंड्याचं दुधातलं पुडिंग, पातळ पिठलं, कुस्करलेलं पनीर कोमट करून.

जिभेवर लोखंडाची चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवा, लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरा. मटण-चिकन तेव्हा सगळ्यात जास्त नकोसं वाटतं. दही, अंडी, डाळी चालतात. तोंड आलेलं नसेल तर कोकम, लिंबू, आल्याचा तुकडा कामाला येतो.

संडास पातळ होत असेल तर दूध काही दिवस थांबवा. काही औषधांनी आतड्याला दूध तात्पुरतं पचत नाही. दही-ताक सहसा चालतं. मुगाचं खिमट, अंड्याचा पांढरा भाग, भात, केळं, आणि ओआरएस. दिवसात नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं तर डॉक्टरांना कळवा. बद्धकोष्ठ असेल तर ते बऱ्याचदा उलटीच्या गोळ्यांमुळं असतं. बेदाणे, पाणी, पालेभाजी आणि सांगितलेलं औषध.

ऑक्सालिप्लॅटिन हे किमोचं औषध चालू असलेल्यांना गार वस्तूनं घशात, बोटांत मुंग्या येतात. डोसानंतर आठवडाभर फ्रिजमधलं किंवा माठातलं गार काही नको. मघाशी सांगितलेला गार खिरीचा उपाय त्यांच्यासाठी नाही. सगळं खोलीच्या तापमानाचं द्या. कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात, म्हणून त्या दोन जेवणांच्या वेळा पक्क्या ठेवा.

माळकरी घर, एकादशी, श्रावण

माळ घातलेल्या माणसाला अंडं खा म्हणून गळ घालणं मला पटत नाही. वरचा सगळा दिवस अंड्याशिवाय साडेअठ्ठावन्नपर्यंत गेलाच होता. पनीर, सोया किंवा दूध पावडर थोडी वाढवली की काम होतं. डाळीबरोबर भाकरी-भात एकाच दिवसात पोटात जाऊ द्या, एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

उपवास मात्र किमोत नको, हे मी हात जोडून सांगते. फलटण-लोणंदच्या वाटेवर ज्यांनी आयुष्यभर माउलींची पालखी बघितली, त्यांना एकादशी सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. मग निदान साबुदाणा सोडा. त्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दूध, दही, पनीर हे सगळं उपवासाला चालतं आणि दिवसाला ४०-४५ ग्रॅम सहज होतात.

"दूध-मटणानं गाठ वाढते", "साखर तोडली की कॅन्सर मरतो" हे ऐकून कुणीही ताट रिकामं करू नये. रुग्णाला उपाशी ठेवून गाठ उपाशी राहत नाही. ती रुग्णाच्या अंगातून घेते. सांगलीची हळद भाजीत, दुधात खुशाल घाला. तिच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, औषधांच्या आड येऊ शकतात.

स्वच्छता

कच्चं धारोष्ण दूध नको, उकळूनच. अंडं पूर्ण उकडलेलं, पिवळा बलक घट्ट झालेला. मोड आलेली मटकी कच्ची नको, शिजवून. दही घरचं, ताजं, उकळलेल्या दुधाचं. द्राक्षं आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पेशी खाली असताना टाळा, बाकी वेळी वाहत्या पाण्यात नीट धुऊन. रसवंतीचा उसाचा रस, पाणीपुरी, बर्फाचा गोळा बंद. शिजवलेलं दोन तासांच्या आत खा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, शिळं पुन्हा गरम करून रुग्णाला नको.

पावडरचा डबा घ्यावा का?

जेवणातून आकडा भरत असेल तर नको. भरत नसेल तर घ्या, पण डब्याच्या मागचं वाचून. मुलांना देतात त्या माल्टच्या पावडरीत १०० ग्रॅममागं साधारण ७ ते ११ ग्रॅम प्रोटीन असतं, बाकी बहुतेक साखर आणि पिष्ट. साय काढलेल्या दूध पावडरीत ३५ ग्रॅम. किंमत ताडून बघा. दूध अजिबात चालत नसेल, गिळता येत नसेल किंवा वजन भराभर उतरत असेल, तेव्हा रुग्णांसाठीची तयार पावडर कामाची असते. ती डॉक्टर-आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेली घ्या. जिममधल्या मुलाचा डबा आजीला देऊ नका.

खाल्लेलं प्रोटीन स्नायूत बसायला स्नायू हलावा लागतो. सोसेल तेवढं अंगणात चालणं, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, दोन वेळा. ताप किंवा चक्कर असेल त्या दिवशी विश्रांती.

गिळता येत नसेल तर

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये काही जणांना नाकातून किंवा पोटातून नळी घालावी लागते. घरच्यांना वाटतं आता सगळं संपलं. नळी बहुतेक वेळा उपचार पुरा व्हावा म्हणून घालतात, आणि लवकर घातली तर वजन टिकतं. चूक होते ती पुढं. नळी तुंबेल या भीतीनं नुसतं शहाळं, ताक, वरणाचं पाणी सोडलं जातं आणि माणूस पुन्हा २५ ग्रॅमवर येतो. मुगाची डाळ आणि तांदूळ अगदी मऊ शिजवून, दूध पावडर, तेल घालून, मिक्सरला फिरवून, बारीक गाळणीतून गाळून द्या. एका वेळी २०० ते २५० मिली, दिवसात सहा-सात वेळा, आणि त्यातलं प्रोटीन किती होतं ते आहारतज्ज्ञाकडून एकदा लिहून घ्या. देताना आणि दिल्यानंतर अर्धा-पाऊण तास रुग्ण बसता असावा किंवा डोक्याकडची बाजू उंच. दर वेळी शेवटी उकळून गार केलेलं ३०-५० मिली पाणी सोडून नळी धुवा. मिश्रण सकाळचं सकाळी, संध्याकाळचं संध्याकाळी करा.